७० सेंट म्हणजे खात्री नव्हे
निकालाच्या अंदाजावर पैसे लावायच्या बाजारावरच्या लेखात फुटबॉलच्या एका गटातल्या आघाडीच्या संघाचा भाव ७० सेंट दाखवून ‘पहिला नंबर पक्का’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. संघ पहिला आला तर १ डॉलर, नाहीतर शून्य, असा हा सौदा. म्हणजे भाव अगदी बरोबर असला तरी अशा दहापैकी साधारण तीनदा तोंडावर पडायची तयारी हवी.

२०२२च्या फुटबॉल वर्ल्डकपचा ई गट आठवा. स्पेनने कोस्टा रिकाला ७-० धुतलं, त्याच दिवशी जपानने जर्मनीला २-१ हरवलं. मग तेच जपान कोस्टा रिकाकडून ०-१ हरलं! (लावा आता भाव.) शेवटच्या रात्री जपान स्पेनच्या पुढे २-१, आणि तिकडे ७०व्या मिनिटाला कोस्टा रिकाही जर्मनीच्या पुढे २-१. जर्मनीच्या हावर्ट्झने बरोबरी करेपर्यंत तीनेक मिनिटं स्पेन आणि जर्मनी दोघंही घरी निघाले होते. स्पेनविरुद्ध जपानच्या मितोमाने मागे ओढलेला तो चेंडू तर टीव्हीवर सरळ बाहेर गेलेला दिसत होता. काही मिलिमीटर रेषेवर राहिला म्हणून त्यावर तनाकाने मारलेला जपानचा दुसरा गोल धरला. जपान ६ गुणांनी पहिलं, जर्मनी बाहेर.

त्या तीन मिनिटांतले भाव कुणी जपून ठेवले असतील तर इथे टाका राव.