ताजा पाव, शिळी कंबर

जाहिरातीत तीन अटी होत्या. बेकिंगची आवड हवी, पहाटे यायची तयारी हवी आणि ५० पौंड वजन उचलता यायला हवं. पहिली वाचून मी खूश झाले, दुसरी वाचून नवऱ्याकडे बघितलं आणि तिसरी पौंडात असल्यामुळे मनावरच घेतली नाही. पौंड म्हटलं की आपल्याला केक आठवतो. घरच्या घरी वाढदिवस असेल तर एक पौंडी, बिल्डिंगमधली पोरं बोलावली असतील तर पाच पौंडी. ५० पौंड म्हणजे भरपूर केक, एवढाच उजेड माझ्या डोक्यात पडला.

प्रत्यक्षात ५० पौंड म्हणजे जवळजवळ २३ किलो. विमानात एका बॅगेला चालतं तेवढं. इकडे येताना मेतकूट, कुळथाचं पीठ आणि प्रेशर कुकर भरलेली ती बॅग काट्यावर चढवायला मी, नवरा आणि रांगेतला एक अनोळखी सज्जन असे तिघे लागलो होतो. आता तेवढं वजन मी एकटी उचलते, एकामागून एक, सूर्य उगवायच्या आत, आणि आत मेतकूटही नसतं.

मी कॅनडात टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागामध्ये राहते आणि एका सुपरमार्केटच्या बेकरीत काम करते. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. पुण्यात मी केकचे क्लास केले होते, घरी ऑर्डरी घेतल्या होत्या, फौंडंटचा, म्हणजे साखरेच्या लगद्याचा, गणपती करून त्यावर सुरी कोणी चालवायची यावरून एका कुटुंबात भांडणही लावून दिलं होतं. त्यामुळे बेकरीत जायचं म्हणजे पांढरा ॲप्रन, हातावर मैदा, गालावर थोडासा मैदा, असं माझं ठरलेलं होतं.

मैदा मला दिसलाच नाही. सगळ्या सुपरमार्केटचं सांगत नाही, काही ठिकाणी अजून पीठ मळतात. आमच्याकडे पाव येतो तो ट्रकमधून, अर्धा भाजून गोठवलेला, खोक्यात. क्रॉसाँ गोठलेले, डोनट गोठलेले, केकचे थर गोठलेले, आयसिंग तयार, बादलीत. खोकं फ्रीजरमधून काढायचं, कटरने फाडायचं, पाव ट्रेवर मांडायचे, ट्रे रॅकमध्ये सरकवायचे, रॅक ढकलत ओव्हनपर्यंत न्यायचा. रॅक माझ्यापेक्षा उंच असतो आणि त्याच्या चार चाकांपैकी एकाचं उरलेल्या तिघांशी कायमचं वाकडं. मग अख्खा रॅकच ओव्हनच्या पोटात घालायचा, दार लावायचं, बटण दाबायचं. आत तो सावकाश गोल फिरत राहतो. या सगळ्यात बेकिंग म्हणावं असं एकच काम आहे, ते म्हणजे बटण दाबणं. ते एका बोटाने होतं. उरलेल्या शरीराकडे हमालीचं खातं आहे.

शिफ्ट पहाटे चारची, कारण सात वाजता दार उघडलं की गिऱ्हाइकाला गरम पाव लागतो. आता सकाळी सात वाजता गरम बॅगेट, म्हणजे लांबुडका फ्रेंच पाव, कोणाला हवा असतो, हे मला अजून कळलेलं नाही. येतात ते बहुतेक कॉफी घ्यायला. १९२५ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेकरीतलं रात्रीचं काम बंद करावं असा करार केला होता. रात्र म्हणजे निदान सलग सात तास आणि त्यात सहसा रात्री अकरा ते पहाटे पाच हा वेळ धरायचा, इतकं बारकाईने लिहून ठेवलं होतं. हे वाचून मला भरून आलं. शंभर वर्षांपूर्वी कोणा कोटवाल्या माणसांनी माझ्या झोपेचा एवढा विचार केला होता. मग तीनचा गजर झाला आणि मी उठले.

त्या वेळी बस नसते. नवरा सोडायला येतो, पायजम्यावर जाड जाकीट चढवून, एक डोळा मिटून. गाडीत आम्ही बोलत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढी शांतता सुखाची वाटायला हवी, पण ती शांतता नसते, आम्ही दोघेही झोपलेले असतो.

माझं माहेर सावंतवाडीचं. सकाळी सायकलवर करंडी बांधून, भोंगा वाजवत पाववाला यायचा. आई पैसे द्यायची, मी पाव घ्यायचे आणि कालचे जास्त भाजले होते अशी तक्रार न चुकता करायचे. तो हसून म्हणायचा, "भट्टीक सांगतंय हां बाय." हे पाव कोणी, किती वाजता उठून भाजले असतील असा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता. आता माझ्याही समोर रोज एक आजोबा येऊन उभे राहतात आणि बॅगेट दाबून बघत म्हणतात, "कालचा जास्त कुरकुरीत होता." मी हसून म्हणते, ओव्हनला सांगते हां.

फ्रीजरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझं निम्मं आयुष्य तिथे जातं. ती एक खोली आहे, उणे १८ अंशांची. आत शिरताना जाकीट घालायचं असा नियम आहे आणि सगळ्यांत मिळून जाकीट एक आहे. ते एका सहा फुटी माणसाच्या मापाचं असल्यामुळे मी त्यात शिरले की बाहेरून नुसतं जाकीट चालत आल्यासारखं दिसतं. ज्या दिवशी ट्रक येतो त्या दिवशी खोकी छतापर्यंत लागलेली असतात आणि आपल्याला हवं ते खोकं सगळ्यात खाली, सगळ्यात मागे असतं. हा निसर्गनियम आहे. वरची खोकी बाहेर काढा, खालचं घ्या, वरची परत लावा. जुना माल पुढे, नवा मागे. जानेवारीत बाहेर उणे वीसच्या खाली गेलं की मात्र फ्रीजर गावातल्या बऱ्यापैकी उबदार जागांमध्ये मोडतो. एकदा पार्किंगमधून आत येऊन मी थेट फ्रीजरमध्ये शिरले आणि हायसं वाटलं.

फ्रीजरमधून निघून दहा पावलांवर प्रूफर. यीस्टचे क्रॉसाँ फुगवायचं कपाट. पस्तीसेक अंश आणि भिंतींना घाम फुटावा इतकी दमट हवा. बाकी सगळे तिथून नाक मुठीत धरून पळतात. मी कोकणातली. मला तिथे माहेरी आल्यासारखं होतं आणि मी ट्रे मोजायच्या निमित्ताने रेंगाळते. त्याच्या शेजारी ओव्हन. म्हणजे दिवसभरात माझं शरीर कॅनडा, कोकण आणि वैशाखातलं चंद्रपूर या तीन ठिकाणी फेऱ्या मारत असतं, आणि वर्षभर सर्दी का जात नाही म्हणून मलाच विचारलं जातं.

मापांचा गोंधळ वेगळाच. या देशाने दशमान पद्धत स्वीकारली आहे, पण ओव्हनला ते कोणी कळवलेलं नाही. हवा सेल्सिअसमध्ये, भट्टी फॅरनहाइटमध्ये, साखर किलोत, उचलायचं वजन पौंडात, ट्रेची लांबी इंचात. पहिल्यांदा मला कोणी "३७५ ला लाव" म्हणालं तेव्हा पाव भाजायचाय की अग्नी द्यायचाय असं विचारणार होते.

ट्रे बाहेर काढताना हातमोजा मनगटाशी संपतो आणि वरच्या ट्रेची कड तिथूनच सुरू होते. त्यामुळे बेकरीत काम करणारा माणूस हातावरून ओळखता येतो. मनगटापासून कोपरापर्यंत आडव्या तपकिरी रेघा. दागिने घालायला बंदी आहे, फक्त साधी अंगठी चालते. बांगड्या मी पहिल्याच दिवशी काढून पर्समध्ये टाकल्या. व्हिडिओ कॉलवर आईने हात बघितला.

"अगं, हातात काही नाही तुझ्या? आणि हे काय, डाग कसले?"

"बांगड्यांच्या जागी आहेत," मी म्हटलं. "चार या हातात, तीन त्या हातात."

"मग एक अजून पाहिजे," आई म्हणाली. विषम बांगड्या तिला चालत नाहीत.

बरोबर काम करणाऱ्या बायकांपुढे मात्र माझ्या रेघा किरकोळ आहेत. एक पोर्तुगीज काकू आहेत, साठीच्या. त्या भरलेला रॅक कमरेच्या एका धक्क्याने वळवतात आणि मी दोन्ही हातांनी ढकलत असले की "बाळा, पाठ नको, पाय वापर" असं ओरडतात. वजन कसं उचलावं याचा एक व्हिडिओ आम्हाला नोकरीच्या सुरुवातीला दाखवला होता. गुडघे वाकवा, पाठ ताठ, खोकं छातीशी धरा. व्हिडिओतल्या बाईच्या खोक्यात काहीच नव्हतं हे तिच्या हसण्यावरून कळत होतं. एक फिलिपिनो ताई केकवर नावं लिहितात. वर्षानुवर्षं आयसिंगची पिशवी पिळून त्यांचं मनगट असं झालंय की त्या पाण्याची बाटली आमच्याकडून उघडून घेतात, पण गुलाबाची पाकळी अजून चुकत नाही. आणि एक पंजाबी पोरगा आहे, दिवसा कॉलेज, पहाटे इथे. तो झोपतो कधी हे कोणालाच माहीत नाही. डोनट बुडवताना झोपतो असा माझा संशय आहे, कारण कधीकधी एकाच डोनटवर तीनदा चॉकलेट असतं.

उभं राहणं हा तर वेगळाच अभ्यासक्रम. खाली फरशी, फरशीखाली काँक्रीट, पायात सुरक्षिततेची खूण म्हणून हिरवा त्रिकोण लावलेले सेफ्टी शूज. त्यात बोटांवर पोलादी टोपी असते. वरून खोकं पडलं तर बोटं वाचतात. खोकं पडत नाही, पण पोलाद रोज असतं. संध्याकाळी टाचेत कोणीतरी दाभण घातल्यासारखं होतं. घरी आल्यावर आधी गरम पाण्याची बादली, मग तेल, मग नवऱ्याचं "सोडून दे ना" आणि मग दोघांनी मिळून घराचा हप्ता आठवणं, असा क्रम असतो.

इथल्या कायद्याप्रमाणे सलग पाच तासांहून जास्त काम करायचं असेल तर मध्ये अर्धा तास जेवायला द्यावा लागतो, पण त्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायची सक्ती नाही. चहाची सुट्टी कायद्यात नाहीच. ती आम्हाला वरिष्ठांच्या कृपेने मिळते, आणि कृपा नेमकी ओव्हनची घंटा वाजताना होते. अर्ध्या तासातली सहा मिनिटं सेफ्टी शूज सैल करण्यात आणि परत आवळण्यात जातात. उरलेल्या वेळात मी डब्यातली पोळीभाजी खाते. चारी बाजूंनी पाव असलेल्या खोलीत पोळी खाणारी मी एकटीच. पोर्तुगीज काकू रोज त्यातला चतकोर मागून घेतात आणि "हे तू स्वतः भाजलंस?" असं विचारतात. त्या बेकरीत स्वतः भाजलेली तेवढी एकच वस्तू असते.

गिऱ्हाइकांबद्दल माझी तक्रार नाही. एकच आहे. ओव्हनमधून वाफाळता पाव काढून, हात भाजून, मी तो टोपलीत ठेवत असते आणि समोरची बाई विचारते, "हा ताजा आहे का?" मग ती हात लावून बघते, चटका बसतो, आणि ती मागच्या रांगेतला गार घेऊन जाते. दुसरी बाई पाव कापून मागते. जाड नको, पातळ नको. गरम पाव मशीनमध्ये कापला की त्याचा लगदा होतो, हे मी सांगते. ती म्हणते, चालेल. लगदा दाखवला की म्हणते, हे काय?

रात्रीच्या शिफ्टला असलं की टाकायचं काम असतं. तारीख उलटायच्या आधी निम्म्या किमतीचं लेबल, तरी उरलं तर स्कॅन करून कचऱ्यात. घरी न्यायला परवानगी नाही. ताटात शीत ठेवलं तरी आजीकडून बोलणी खाल्लेली मी, पिशव्याच्या पिशव्या पाव ढकलते. पहिल्यांदा हात थांबला होता. पंजाबी पोरगा म्हणाला, "आंटी, डोळे मिटून करा." मिटून केलं, तर स्कॅनर एकाच पावावर दोनदा वाजला आणि हिशोब जुळवायला वीस मिनिटं जास्त थांबावं लागलं.

पैशांचं विचाराल तर आमच्या ओंटारिओ प्रांतात १ ऑक्टोबर २०२५ ला किमान वेतन तासाला १७ डॉलर ६० सेंट झालं आणि मी त्याच्या फार वर नाही. नातेवाईक लगेच त्याला रुपयांत गुणतात आणि गप्प होतात. इथला घराचा हप्ता मात्र कोणी गुणत नाही. शिवाय तास पूर्ण मिळतील तर ना. आम्ही सगळे पार्टटाइम. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक भिंतीवर लागलं की सगळे बोर्डाच्या निकालासारखे त्याच्यापुढे गर्दी करतात. कोणाला अठरा तास, कोणाला सत्तावीस. ख्रिसमसच्या आधी मात्र सगळेच गुणवत्ता यादीत.

मराठी मंडळात मी बेकरीत आहे हे कळल्यापासून माझा भाव वधारलाय. दिवाळीच्या कार्यक्रमात एका काकूंनी मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "पाव इतका मऊ कसा होतो गं? आमचा दगड होतो." मी म्हटलं, खोकं सरळ उघडायचं. त्यांना वाटलं मी गुपित लपवतेय. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. दुसऱ्या एका काकांनी कोजागिरीला दीडशे कपकेक 'तुमच्याकडून' होतील का असं विचारलं. "तुम्ही तिथेच असता ना," ते म्हणाले. बँकेत नोकरी करणाऱ्याला असं कोणी विचारत नाही.

शेवटी टाच टेकेना तेव्हा डॉक्टरकडे गेले. आजारपणाची कायदेशीर रजा वर्षाला तीन दिवस, तीही बिनपगारी, म्हणून सुट्टीच्या दिवसाचीच वेळ घेतली. डॉक्टर मन लावून ऐकत होते. टाच दाबली, कंबर वाकवून बघितली, मनगट फिरवलं. जड उचलू नका म्हणाले. फार वेळ उभं राहू नका. गारठ्यातून एकदम उष्णतेत जाऊ नका. रात्रीची आठ तास झोप हवी. मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग त्यांनी माझं वजन लिहून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आणि जमलं तर महिनाभर ब्रेडपासून लांब राहून बघा."