काचेचा बूट आणि मेणाचं घर

घरच्या ग्रुपवर तो निरोप परवा तिसऱ्यांदा आला, या खेपेला नाशकातल्या सिडकोत राहणाऱ्या मामांकडून. मजकूर थोडक्यात असा: डिस्नेच्या परीकथा म्हणजे नुसती चाळण. बारा वाजता सगळं पूर्ववत झालं, मग सिंड्रेलाचा बूट कसा उरला? मापाचा होता तर निसटला कसा? राजपुत्राला तिचा चेहरा आठवत नव्हता का? एका मापाच्या शंभर मुली निघतील, त्यातली ती कोणती? ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधल्या राजपुत्राला बीस्ट, म्हणजे अक्राळविक्राळ पशू, होण्याचा शाप अकराव्या वर्षी? आणि शेवटी ठसक्यात: ‘आपल्या आजीच्या गोष्टीत असं एकही भोक नव्हतं.’

मामा, रागावू नका, पण यातलं निम्मं चित्रपट न बघताच लिहिलेलं आहे.

चेहऱ्याचंच घ्या. १९५०च्या ‘सिंड्रेला’त राजपुत्र बूट घेऊन दारोदार हिंडतच नाही. हिंडतो तो ग्रँड ड्यूक, तेही राजाच्या हुकमावरून. ‘एका मापाच्या शंभर मुली निघतील’ हेही फोल, कारण शेवटी सावत्र आईच्या काठीमुळे तो बूट फुटतोच. मग सिंड्रेला त्याचा जोडीदार बाहेर काढते. माप राहिलं बाजूला. जोडातला दुसरा बूट दाखवल्यावर कोण काय बोलणार?

बूट निसटण्याचं मात्र मला भाचीमुळे कळलं. जूनमध्ये मेन रोडवर तिला शाळेचे बूट घेतले. दुकानदाराने पुढून अंगठा दाबून पाहिला, मागे बोट घालून पाहिलं, म्हणाला, ‘एकदम मापात.’ रविवारी तेच घालून पांडवलेणीला गेलो. चढताना ठीक होतं. उतरताना दर पायरीला टाच वर यायची, शेवटी एक बूट मागच्या पायरीवरच राहिला आणि बाईसाहेब एका मोज्यावर पुढे. नव्या बुटाचा तळ कडक असतो. पाऊल वाकतं, तळ वाकत नाही, मग टाच सुटते. चामड्याचं हे असं, तर काच काय वाकणार! उभं राहून बेताचा बसणारा बूट पळताना निसटणारच. चित्रपटवाल्यांनाही याची गंमत वाटली असावी, कारण लग्नाच्या दिवशी पायऱ्या उतरतानाही तिचा बूट निघतो आणि खुद्द राजा तो तिच्या पायात घालतो.

बारानंतर बूट का उरला, हे चित्रपट सांगत नाही. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या कथेत मात्र वाट सापडते. तिथे भोपळ्याची गाडी होते, उंदरांचे घोडे होतात, जुन्या कपड्यांचा भरजरी पोशाख होतो. बूट मात्र कशाचे बनत नाहीत, ते परी वेगळे देते. भोपळा परत भोपळा होईल. बुटाने परत काय व्हायचं?

आता मामांच्या बाजूने. बीस्टचं भोक खरं आहे. १९९१च्या चित्रपटात शाप मोडायची मुदत एकविसाव्या वर्षापर्यंतची आणि नोकर गाण्यात म्हणतात दहा वर्षं झाली. म्हणजे शाप अकराव्या वर्षी, आणि भिंतीवरच्या फाटक्या चित्रात तर चांगला तरणाबांड राजपुत्र! १९५९च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तही, शाप सोळाव्या वाढदिवसाच्या सूर्यास्तापर्यंतचा, तर पऱ्या जंगलात लपवलेल्या मुलीला त्याच संध्याकाळी राजवाड्यात आणतात. एक रात्र थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं? आणि १९८९च्या ‘द लिटिल मर्मेड’मधली जलपरी एरिएल आवाज देऊन टाकायच्या करारावर सही करते, म्हणजे लिहिता येतं, मग राजपुत्राला चिठ्ठी का नाही? याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण ही भोकं कुठे पडली ते बघा. फ्रेंच लेखिका बोमाँच्या १७५६च्या बीस्टच्या कथेत एकविसावं वर्ष नाही, पेरोच्या झोपाळू राजकन्येच्या शापाला तारीख नाही, डॅनिश लेखक अँडरसनच्या १८३७च्या जलपरीकडे सहीचा कागद नाही. मुदत, सूर्यास्त, करार हे सगळं चित्रपटवाल्यांनी आणून बसवलं आणि नेमकं तिथेच उसवलं. ‘आटपाट नगर होतं’ म्हणणारा कधी सापडत नाही, कारण तो साल सांगतच नाही.

राहिली आजीची गोष्ट. चिमणीचं घर मेणाचं. पावसात टिकलं, मान्य. पण मे महिन्यात नाशकात? आमच्या गच्चीवर प्लास्टिकची बादली मऊ पडते. आणि लेकीकडून परतणारी ती म्हातारी आख्खी भोपळ्यात मावली, आतून तिला वाघ-कोल्हा दिसला कसा? भाचीने हे परवा विचारलं. मी तिला मामाआजोबांचा नंबर लावून दिला.