लिफ्टवाल्याला भाव विचारू नये

सोसायटीच्या लिफ्टचा देखभाल करार ३१ मार्चला संपतोय ना? मग जानेवारीपासून धावपळ कशाला? २९ मार्चपर्यंत निवांत राहा. म्हणजे 'आता नवा माणूस शोधायला वेळ कुठे आहे?' हे तुम्हाला अगदी खरेपणाने म्हणता येतं.

शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी सकाळी फिरताना भेटतील. त्यांचेही सातच मजले, लिफ्टवालाही हाच. 'तुम्ही किती देता हो?' हा प्रश्न जिभेवर आला तर गिळा आणि गुडघेदुखीवर बोला. आकडा कळला तर झोप जाईल.

दरवर्षी दहा टक्के वाढ ही तर रीतच. ६० हजारांचा करार अशाने दहा वर्षांत दीड लाखाच्या वर जातो, वर १८ टक्के जीएसटी. पण सभेत हा गुणाकार करतो कोण?

तरी कुणीतरी तीन कोटेशनं मागतोच. त्यासाठी उन्हात हिंडू नका, चालू ठेकेदारालाच सांगा. आमच्याकडे तिन्ही एकाच पाकिटातून आली. तीन लेटरहेड, तीन शिक्के आणि तिन्हींवर 'मेन्टेनन्स'चं स्पेलिंग एकाच ठिकाणी चुकलेलं. बाजारात एवढी एकवाक्यता असताना आपण शंका काढणारे कोण?

चुकून एखादं खरं कोटेशन आलंच, तर फक्त शेवटचा आकडा वाचून दाखवा. आपला करार नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे तेलपाणी आणि पुसापुशी. त्याचा सुट्या भागांसकट. साहजिकच आपला स्वस्त! दरवाजाचा सेन्सर, वायर रोप, इमर्जन्सीची बॅटरी यांची बिलं 'किरकोळ दुरुस्ती'त पडतात, ती फाइल वेगळी आणि कपाटाची किल्ली खजिनदारांकडे.

तरीही कुणी अडलं, तर हुकमी पान टाका: लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोलरचा पासवर्ड कंपनीकडे आहे. (तो करारातच लिहून मागता येतो म्हणे. मागू नका, वाईट दिसतं.) शिवाय आपला मेकॅनिक घरचा झालाय. महिन्यातून एकदा येतो, चहा घेतो, वॉचमनच्या वहीत सही करतो. मशिनरूमच्या किल्लीला मात्र गंज चढलाय.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकांनी यंदा परस्पर चार ठिकाणी भाव काढले आणि सभेत वाचायला उभे राहिले. अध्यक्षांनी तिथल्या तिथे त्यांना 'लिफ्ट उपसमिती' नेमलं. एक सदस्य, मानधन नाही. टाळ्या पडल्या, वडे आले, जुना करार 'उपसमितीचा अहवाल येईपर्यंत' तीन वर्षांसाठी वाढवला. काका हल्ली जिन्याने जातात.