एसटीत बसून आमदार होता येत नाही

आमदारांच्या पगार-पेन्शनचा वाद पेटला की गावाकडच्या ग्रुपवर सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांची तीच पोस्ट फिरायला लागते. अकरा वेळा आमदार, फिरले एसटीने, आता असा माणूस होणे नाही. त्याखाली आम्हा परदेशस्थांची पुरवणी असतेच: "आमच्याकडे बघा, आमदार स्वतः गाडी चालवत येतो!" पहिलं वाचून चीड येते, दुसरं वाचून जास्त.

एसटी खरी होती. पण एसटीत तर अख्खा सांगोला तालुका बसायचा, त्यातला एकच अकरा वेळा विधानसभेत गेला. 1962 साली पहिल्यांदा, 2014 साली शेवटचं. मधे दोनदा पडले, 1972 ला आणि 1995 ला. ते पोस्टमध्ये नसतं. 1995 ला शहाजीबापू पाटलांकडून फक्त 192 मतांनी पडले. साधेपणा तेव्हाही तेवढाच होता की! 2019 ला ते स्वतः थांबले, नातू अनिकेत उभे राहिले आणि त्याच शहाजीबापूंकडून 768 मतांनी पडले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब पंचवीस हजारांवर मतांनी आले, कारण त्या वेळी दोन्ही शिवसेनांचे उमेदवार समोर होते आणि मतं फुटली. याला हिशोब म्हणतात.

तालुक्यात केंद्रं तीनशेच्या आसपास धरा. 768 म्हणजे केंद्रामागे अडीच मतं. एका वस्तीवरचं एक कुटुंब ऊसतोडीला गेलं आणि त्याला आणायला कुणी गाडी पाठवली नाही, की तेवढी मतं गेली. बूथवर भावकीतला रिकामा पोरगा एजंट म्हणून बसवायचा, तो चारला जेवायला गेला की उठलाच. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाकडून 17-क चा नमुना सही करून घ्यायचा असतो. त्यात मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि झालेलं एकूण मतदान असतं. तो कागद हातात नसेल तर मोजणीच्या टेबलावर आकडा कशाशी ताडणार? लाल बावट्याकडे, म्हणजे त्यांच्या शेकापकडे, हे काम करणारी माणसं गावोगाव होती, आणि ती पगारी नव्हती.

ती माणसं टिकली पाण्याच्या लढ्यामुळे. टेंभू आणि म्हैसाळ या दोन्ही उपसा योजनांच्या शेपटाला सांगोला. पंप सुरू झाले की वरचे आधी भरून घेतात, वीजबिल थकलं की पंपच बंद, आणि टेलपर्यंत पाणी येईस्तोवर डाळिंबाची कळी गळून गेलेली. त्यासाठी गणपतरावांनी आटपाडीत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घ्यायच्या आणि तोच प्रश्न वर्षानुवर्षं सभागृहात लावून धरायचा. हे एसटीच्या पोस्टमध्ये मावत नाही.

आता अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्याचं कौतुक. हाउसच्या, म्हणजे इथल्या विधानसभेच्या, उमेदवाराला पन्नास सह्या पुरतात. पगार वर्षाला 25 हजार डॉलर, स्वतंत्र ऑफिस नाही, सभागृहातलं बाकडं हेच ऑफिस. शनिवारी लायब्ररीच्या तळघरात पेट्रोल पंपावरच्या केसीजचा पिझ्झा खात लोक निवडून आलेल्याला विचारतात, फनेल वीकमध्ये, म्हणजे समितीतून बिल पुढे सरकायच्या मुदतीच्या आठवड्यात, कुठलं बिल मेलं. छान आहे. पण सुमारे 32 लाख लोकांना शंभर प्रतिनिधी आहेत, एकामागे 32 हजार. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेचे 11.24 कोटी भागिले 288, म्हणजे एका आमदारामागे 3.9 लाख. बारापट! इथल्या बारापट लोकांना तळघरात बसवून दाखवा, मग सांगोल्याला शिकवायला या.

आणि इथलं मोजणीचं पावित्र्यही ऐकून घ्या. 2018 ला ईशान्य आयोवाच्या एका ग्रामीण जागेवर 9 मतांचा फरक होता. 29 टपाली मतांच्या पाकिटांवर पोस्टाचा शिक्का नव्हता. बारकोड तपासल्यावर ती वेळेत टाकल्याचं निघालं, तरी प्रकरण सभागृहात गेलं आणि बहुमताने ठरलं की मोजायची नाहीत. हेच सांगोल्यात झालं असतं तर आम्हीच "इंडियात असंच चालतं" म्हणून फॉरवर्ड केलं असतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं की उत्तर ठरलेलं: "तुम्ही तिकडे, तुम्हाला काय." झोंबतं, कारण खोटं नाही. इथे ग्रीन कार्डवाल्याला मत नाही. तिकडे भारतीय पासपोर्ट असलेल्याला 6-अ हा परदेशस्थांचा फॉर्म भरून मतदार यादीत नाव घालता येतं, फक्त मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर हजर राहायचं. फॉर्म दोन-चार पानांचा, फुकट, घरबसल्या भरता येतो. मी तो भरलेला नाही.