पोषण आहारात चुकलेला पैसा दोन्ही बाजूंनी मोजा

शालेय पोषण आहारात गैरव्यवहाराची बातमी आली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पथक येतं, तांदळाची गोणी काट्यावर चढते, मुख्याध्यापकांना नोटीस निघते आणि पंधरा दिवसांत विषय थंड होतो. पण या योजनेच्या शंभर रुपयांतले किती रुपये चुकीच्या जागी जातात आणि किती योग्य जागी पोचतच नाहीत, हा आकडा नाशिक जिल्ह्यापुरता तरी कुणी लोकांसमोर ठेवलाय का? मला तो आकडा हवाय.

दिंडोरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक म्हणून आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला दीडपट. मे २०२५ पासून आहार खर्चाचा दर ६ रुपये ७८ पैसे आणि १० रुपये १७ पैसे. प्राथमिकची दहा ताटं रोज जास्त लिहिली गेली, तर एक किलो तांदूळ आणि ६७ रुपये ८० पैसे. एका शाळेत हे किरकोळ वाटतं. वर्षभराचे दिवस आणि जिल्हाभरातल्या शाळांनी गुणून बघा.

आता ताटं जास्त का लिहिली जातात ते बघू. काही ठिकाणी सरळ चोरी असते, ती पकडलीच पाहिजे. पण आमच्याकडचं चित्र वेगळं आहे. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. पोरं सोबत येतात. गावच्या शाळेत त्यांचं नाव पटावर राहतं, कधी हजेरीही लागते. इकडे तेच पोर आमच्या शाळेच्या व्हरांड्यात धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभं असतं. स्थलांतरित मुलाला जिथे जाईल तिथल्या शाळेत शिकता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, पण ते सगळ्यांजवळ नसतं. आमच्या स्वयंपाकीण मावशी तांदूळ धुण्याआधी बाहेर येऊन डोकी मोजतात आणि या पोरांनाही धरतात. मोबाईलवरच्या नोंदीत मात्र पटावरचीच मुलं जातात. म्हणजे सुरगाण्यात कागदावर ताट आहे, जेवायला मूल नाही; दिंडोरीत मूल जेवतंय, कागदावर ताट नाही. आपली तपासणी यातली पहिलीच चूक शोधते.

अमेरिकेत शाळेच्या जेवणाचा असा हिशेब ठरवून काढतात. चुकीच्या सरकारी खर्चाचा अंदाज काढण्याचा कायदा तिथे २००२ मध्ये झाला. त्यांच्या कृषी खात्याने २००५-०६, २०१२-१३ आणि २०१७-१८ या शालेय वर्षांत नमुन्यादाखल शाळा आणि कुटुंबं निवडून पाहणी केली. जास्त गेलेला पैसा आणि कमी पडलेला पैसा, दोन्ही त्यात चूक म्हणून धरले जातात. एकातून दुसरा वजा करत नाहीत, बेरीज करतात. फुकट जेवणाचा हक्क असून ज्या मुलाकडून पैसे घेतले गेले, तेही मूल त्या आकड्यात येतं. तिथे उत्पन्नावरून सवलत ठरते, त्यामुळे अर्जातल्या चुका खूप. आपल्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला जेवण आहे, तेवढी एक कटकट वाचली. आपल्या चुका डोकी मोजण्यात, वजनात आणि उशिरात आहेत.

उशिराबद्दल कुणी बोलतच नाही. इंधन-भाजीपाल्याचं अनुदान अडकलं की मुख्याध्यापक किराणावाल्याकडे उधारी करतात, स्वयंपाकी बायकांचं मानधन लांबतं. २०१५ च्या नियमांप्रमाणे धान्य, पैसे, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे शिजवलेलं जेवण मिळालं नाही, तर मुलाला धान्य आणि पैशांच्या रूपात अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा असतो. माझ्या मते न दिलेला भत्ताही चुकीच्या खर्चातच धरला पाहिजे. डाळीशिवाय शिजलेली खिचडीसुद्धा. अमेरिकेत नियमातला एखादा पदार्थ ताटात नसेल तर ती पैशाची चूक धरायची का, यावर बराच खल झाला आणि पुढे ती आकड्यातून काढली गेली. मला ते पटत नाही. पैसे डाळीसकट जेवणाचे दिलेत, तर डाळ ताटात दिसली पाहिजे.

आपल्याला मोजता येत नाही असं नाही. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवा, लाखो विद्यार्थी फक्त कागदावर निघाले होते. पण ती एकदाच झाली, आणि कारवाईच्या धाकाने झाली. दरवर्षी लहान नमुना पुरे. प्रत्येक तालुक्यातून चिठ्ठ्या टाकून शाळा काढा, जिल्ह्याबाहेरची माणसं न सांगता पाठवा, पंगतीत बसलेली मुलं मोजा, गोणी तोला, त्या दिवशीची आणि आदल्या आठवड्याची नोंद ताडून बघा. अहवालात शाळेचं नाव नको आणि त्यावरून नोटीसही नको, नाहीतर खरं कुणीच सांगणार नाही. चोरीची चौकशी वेगळी करा.

पहिली फेरी जानेवारीत काढा, द्राक्षाची कामं जोरात असताना. सुरगाणा, पेठ, दिंडोरी आणि निफाड एकाच आठवड्यात मोजा, म्हणजे तेच मूल दोनदा धरलंय की एकदाही नाही ते कळेल. आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडतोय. तुमच्यापैकी कुणी या चार तालुक्यांतल्या समित्यांवर असाल तर मसुदा पाठवतो, तुमच्याकडेही मांडा.