कोळशावर चालणारी हिरवी बाइक? काकांच्या प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

काका (काका म्हणतोय कारण तुम्हीच लिहिलंय की एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून जन्म गेला आणि आता गावी असता), माझ्या विजेवरच्या बाइकबद्दल मी लिहिलं होतं त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली दोघातिघांनी तुम्हाला जुन्या विचारांचे वगैरे म्हटलंय ते मला अजिबात पटलेलं नाही, कारण तुम्ही विचारलंय तेच या विषयात विचारायला पाहिजे आणि ते कोणी विचारत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, काकांचं म्हणणं असं की वीज येते कोळशातून, म्हणजे धूर आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात टाकला एवढंच. बॅटरी उद्या कुठल्यातरी वहाळात पडणार. पावसात कोकणात चार चार दिवस लाईट नसते तेव्हा ही गाडी खळ्यात शोभेला. आणि "छान जगणं" असं लिहून दीड लाखाचं खेळणं हिरव्या रंगात दाखवायचं हे ढोंग, एवढी काळजी असेल तर एसटीने जा. दोन ओळीत उत्तर होईना म्हणून वेगळं लिहितोय.

ढोंगाचं आधी घेतो, कारण तेच जास्त लागलं. मी ही बाइक पृथ्वीसाठी वगैरे घेतलेलीच नाही हो. मित्राची एकदा चालवून बघितली आणि वेड लागलं, एवढीच गोष्ट आहे. आमच्या वाडीतून डांबरी रस्त्याला लागायचं म्हणजे जांभ्या कातळातला एक उभा चढ, त्यात वळण, त्यात पावसात शेवाळ, जुन्या गाडीवर तिथे पहिला गिअर, अर्धा क्लच, इंजिन बोंबलतंय आणि मागून बायको "उतरू काय?" विचारणार हे ठरलेलं. इलेक्ट्रिक मोटरला अगदी शून्य आरपीएमपासून जवळजवळ सगळा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, मिळतो, रेस करत बसायला लागत नाही, मूठ जराशी पिळली की गाडी गपचूप चढते. तुम्ही मेकॅनिक म्हणून तुम्हाला यातली मजा जास्त कळेल: पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कार्बोरेटर नाही, क्लचप्लेट नाही, ऑइल बदलणं नाही, मोटर, कंट्रोलर, बॅटरी आणि मागच्या चाकाला चेन, झालं. मला हे यंत्र म्हणून सुंदर वाटतं आणि सुंदर यंत्र आवडायला पर्यावरणाचा दाखला लागत नाही.

आणि ही कालपरवाची फॅशनपण नाही. २००९ मध्ये ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन या बेटावर, म्हणजे मोटरसायकलवाल्यांच्या पंढरीत, विजेवरच्या बाइकची पहिली शर्यत झाली, ती जिंकली अग्नी नावाच्या टीमने, रॉब बार्बर चालवत होता, सरासरी वेग ताशी १४० किलोमीटर, आणि त्यातल्या मोटरी सेड्रिक लिंच या इंग्रज माणसाच्या डिझाइनच्या, बनत होत्या गुजरातेत! त्याच शर्यतीत पुण्याची टॉर्क ही टीमही उतरली होती, पुढे २०२२ च्या जानेवारीत त्यांची क्रॅटोस ही विजेवरची बाइक बाजारात आली. मी काही तिची जाहिरात करत नाहीये, माझी गाडी वेगळीच आहे, पण हे वाचून मला जो आनंद होतो तो तुम्हाला ढोंग वाटत असेल तर माझा इलाज नाही.

आता कोळसा. यात तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे आणि ते मी आधीपासून मानतो. महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळशातूनच येते. पोफळीचं पॉवरहाऊस आपल्या शेजारी, कोयनेचा जलविद्युत प्रकल्प १९६० मेगावॉटचा, म्हणून "आमची वीज पाण्याची" असं सांगणारे लोक आहेत, मी सांगणार नाही, कारण ग्रीडमध्ये सगळं एकत्र होतं आणि जयगडला कोळशावरचे १२०० मेगावॉटही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. मग हिशोबच करू. १ लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, लिटरला ५० किलोमीटर देणारी बाइक धरली तर किलोमीटरमागे ४६ ग्रॅम. माझी गाडी प्लगमधून घेतलेल्या १ युनिटात २५ किलोमीटर जाते, चार्जरमध्ये वाया जातं ते धरून. आपल्या देशाच्या ग्रीडवर १ युनिटमागे ढोबळ ७२० ग्रॅम पडतात, म्हणजे किलोमीटरला २९, लाईनीत गळते ती धरा, चला ३४ ग्रॅम. म्हणजे सगळी वीज कोळशाच्या जोरावरच्या याच ग्रीडमधून घेतली तरी पेट्रोलपेक्षा चतुर्थांश तरी कमी, आणि यात पेट्रोल रिफायनरीत बनवायला आणि टँकरने घाटातून आणायला लागतं ते मी धरलेलंच नाही. कमी का, तर पेट्रोल इंजिन तेलातली तीन चतुर्थांश ताकद उष्णता करून हवेत सोडतं, हे तुम्हाला मी काय सांगणार, सायलेन्सरचे चटके तुम्ही जास्त खाल्लेत.

पण चतुर्थांश कमी म्हणजे शून्य नव्हे! गाडीच्या बुडाला "झीरो एमिशन" असा स्टिकर लावून विकतात ना, तो मी पहिल्याच आठवड्यात खरवडून काढला, मलाही डोक्यात जातो तो.

आणि बॅटरी बनवतानाचा धूर राहिला. बॅटरीच्या क्षमतेच्या युनिटमागे ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड असा आकडा साधारण धरतात. माझी बॅटरी ३.४ युनिटची, म्हणजे गाडी दारात यायच्या आधीच २०० ते ३४० किलोचं कर्ज डोक्यावर. किलोमीटरमागे १२-१५ ग्रॅम वाचत असतील तर ते फिटायला १३ ते २८ हजार किलोमीटर जातात. म्हणजे जो माणूस ही बाइक घेऊन शेडमध्ये ठेवतो आणि शिमग्याला नि गणपतीला मुंबईहून येऊन दोन चकरा मारतो त्याने पर्यावरणाचं नुकसानच केलंय, त्याला माझ्यातर्फे तुम्ही खुशाल शिव्या घाला. रोज चालवणाऱ्याचं मात्र फिटतं आणि वर उरतं.

इथेच माझा खरा मुद्दा आहे जो बहुतेक नीट पोचला नाही. बॅटरी लहान पाहिजे. बाजारात १० युनिटच्या बॅटरीची बाइक आहे, जबरदस्त गाडी आहे, कोणी चालवायला दिली तर मी रात्री दोनला उठून येईन, पण मला ती लागत नाही. आपलं कोकणातलं जगणं मापाने छोटं आहे काका. बाजार १० किलोमीटर, तालुका २०, रत्नागिरीहून गणपतीपुळे आरे-वारेच्या रस्त्याने पंचवीसेक, गुहागर ते चिपळूण पंचेचाळीसच्या आसपास. एका चार्जला खरेखुरे ९० किलोमीटर (कंपनी सांगते ते सोडून द्या), त्यात जाऊन येऊन होतं आणि रात्री पडवीतल्या १५ अँपियरच्या पॉइंटला लावली की सकाळी तयार. शहरात लोक "चार्जिंग स्टेशन कुठाय" करत फिरतात, आपल्याकडे प्रत्येकाला पडवी आहे, पार्किंगवरून सोसायटीत भांडण नाही. मला तर वाटतं की ही गाडी पुण्यामुंबईपेक्षा खेड्यासाठीच बनलीय आणि विकतायत मात्र शहरात. फक्त अर्थिंग तपासून घ्या, आपल्या कातळात ते उन्हाळ्यात कोरडं पडतं, मीठ-कोळसा घालून पाणी सोडावं लागतं, नाहीतर चार्जर एरर दाखवत बसतो आणि लोक गाडीला नावं ठेवतात.

बॅटरी वहाळात पडणार याची भीती मलाही आहे. २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, त्यात जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलीय, कागदावर उत्तम. गंमत अशी की इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारवाला घरी येऊन पैसे देऊन नेतो कारण आत शिसं असतं. माझी बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटची आहे, तिच्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही, म्हणजे काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींचा विषय नाही आणि पेटायचा धोकाही कमी, पण त्याच कारणाने भंगारात तिला भाव कमी. जी बॅटरी वापरायला जास्त बरी ती गोळा करायला कोणाला परवडत नाही, हे कोडं सुटलेलं नाही. गाडीला पुरेनाशी झाली तरी निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक असते, तेव्हा ती घरातले दिवे-पंखे चालवायला लावायची असं माझ्या डोक्यात आहे, आमच्याकडे एक इलेक्ट्रिशियन पोरगा आहे तो आत्तापासून मागे लागलाय.

लाईट जाण्याबद्दल तुम्ही निसर्ग वादळाचा दाखला दिलात. बरोबर आहे, ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरला ते धडकलं आणि तिथून मंडणगड-दापोलीपर्यंत कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तशा वेळी माझी गाडी नक्कीच उभी राहील, वाद नाही. (पंपालाही वीज लागते, पण त्यांच्याकडे जनरेटर असतो, म्हणून तो मुद्दा मी ताणत नाही.) आता कोणी म्हणेल छपरावर सोलर लावा. लावलंय, कौलांवर नाही, मागच्या स्लॅबवर ३ किलोवॉट, सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजार सबसिडी मिळते. पण हे नीट ऐका कारण विकणारा सांगत नाही, साधं ऑनग्रिड, म्हणजे लाईनीला जोडलेलं सोलर, लाईट गेली की आपोआप बंद पडतं, भर उन्हात सुद्धा. ते मुद्दाम तसं केलंय, नाहीतर लाईन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून गेलेला करंट लागेल. वादळातही वीज पाहिजे तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि वेगळी बॅटरी, खर्च बराच वाढतो, मी केलेला नाही. शिवाय जुलैत ढग असतात तेव्हा पॅनेल नावालाच असतात, आणि वांदर त्यावर नाचतात तो त्रास वेगळाच. तरी वर्षाचं धरलं तर किलोवॉटला दिवसाला ४ युनिट सरासरी पडतात, त्यातलं गाडीला लागतं दिवसाला एक-दीड. खाऱ्या हवेचा त्रास मात्र खरा आहे, माझ्या चार्जिंगच्या कनेक्टरला पहिल्याच पावसाळ्यात हिरवा गंज धरला होता, आता ग्रीस लावून रबरी टोपी घालून ठेवतो. पेट्रोलच्या गाड्यांचे सायलेन्सर आपल्याकडे कसे सडतात ते तुम्ही बघितलंच असेल.

"छान जगणं" म्हणजे दीड लाखाची गाडी असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मला जे म्हणायचंय ते असं की सकाळी सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, जाताना या गाडीवर आजूबाजूचं ऐकू येतं, मेअखेरीला पावश्या ओरडत असतो तो चालत्या गाडीवर ऐकू येतो, समोरून येणाऱ्या माणसाशी गाडी बंद न करता दोन वाक्यं बोलता येतात. तवसाळच्या फेरीबोटीत चढताना धूर नाही, पाय भाजत नाही. वेगाची हौस आपोआप कमी झाली कारण मूठ जास्त पिळली की रेंज डोळ्यासमोर उतरते. हे सगळं सायकलवर आणखी छान होतं हे मान्य, पण आपले चढ आणि माझे गुडघे दोन्ही तुम्ही लक्षात घ्या. (एक धोका आहे, आवाज नसल्यामुळे रस्त्यात बसलेली गुरं उठत नाहीत आणि पाठमोरी माणसं दचकतात, हॉर्न जपून आणि लांबूनच द्यावा लागतो.)

ज्यांना रोज दीडशे किलोमीटर फिरायचंय, किंवा मागे माशांच्या टोपल्या लादून घाट चढायचाय, त्यांनी ही गाडी घेऊ नये, पेट्रोलचीच घ्यावी, मी कोणाला धरून विकत नाहीये.

आणि एसटी. भरलेली एसटी माझ्या बाइकला कधीही हरवते, हे मी छातीठोकपणे लिहायला तयार आहे. तुमच्या भाषेत केपीटीएल ४५ धरला, म्हणजे १० लिटरला ४५ किलोमीटर, तर किलोमीटरमागे ६०० ग्रॅम, ४४ माणसं बसली तर माणशी १४. सहा माणसं घेऊन रात्री वस्तीला जाणारी गाडी मात्र माणशी १०० ला जाते, पण ती गाडी धुराचा हिशोब करायला नसतेच, ती दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची पोरं आणायला असते, आणि ती बंद होता कामा नये यावर तुमचं माझं एकमत आहे. माझ्याकडे तिची वेळ सकाळी सहाची आणि परत संध्याकाळी पाचची, मधल्या वेळात काय करू तेवढं सांगा.

शेवटी तुम्हालाच एक विचारायचंय, कारण हे दुसरं कोणी सांगू शकणार नाही. १ जून २०२२ ला एसटीची पहिली ई-शिवाई, म्हणजे विजेवरची बस, पुण्याहून नगरला गेली, त्याआधी ७४ वर्षं पहिली एसटी धावली होती त्याच रस्त्याने. तो रस्ता तसा सरळ. माझ्या बाइकचं असं आहे की कुंभार्ली घाट चढताना, सहाशेएक मीटरचा चढ, गाडी आणि मी मिळून २०० किलो, नुसत्या उंचीपायी ०.३३ युनिट जातं आणि उतरताना मोटर उलटी जनरेटर होऊन त्यातलं थोडं परत देते, निम्मंसुद्धा नाही. वर पोचून फुल चार्ज करून उतरलात तर तेही नाही, बॅटरीत जागाच नसते, मग सगळा भार ब्रेकवर. बाइकचं ठीक आहे, पण १५-१६ टनांची भरलेली बस पोफळीकडे उतरताना असं झालं तर? डिझेलच्या गाडीला तुम्ही लोक दुसऱ्या गिअरवर इंजिनवर धरून उतरवायचा ना? तिथे ब्रेकचे लायनर किती टिकायचे, आणि विजेची बस आपल्या घाटात धावायची तर डेपोत आधी काय बदलावं लागेल, यावर तुम्ही लिहाच, कमेंटमध्ये मावणार नाही तर मला पाठवा, मी वेगळं टाकतो.