सिस्टरने वकिली करायची, पण कुणाच्या जिवावर?

माझी भाची सोलापुरात एमएस्सी नर्सिंग करते, तिने परवा व्हॉट्सॲपवर थिसिसचा प्रश्नसंच पाठवला, मावशी जरा बघून दे म्हणून. विषय काय, तर लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर पेशंटची बाजू मांडण्याकडे कशा बघतात ते मोजायचं. पेशंट ॲडव्होकसी म्हणतात त्याला. पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच रकाने, टिक करत जायचं. आता 'पेशंटच्या भल्यासाठी नर्सने बोललं पाहिजे' याला असहमत कोण म्हणणारे सांगा, तेही मॅडम समोर उभ्या असताना!

मुलांच्या वॉर्डात तर बाजू नक्की कुणाची हाच घोळ असतो. चार महिन्यांचं बाळ बोलत नाही, बोलते ती आई, आणि सलाईन काढा आम्ही घरी नेतो म्हणून बाप हटून बसला की बाळासाठी त्याच्याशीच भांडावं लागतं.

मी सोलापुरात सिस्टर होते तेव्हा पूर्व भागातली एक विडी वळणारी बाई रात्रभर एकच सांगत होती, पालु तागतलेदु, म्हणजे बाळ दूध पीत नाहीये. वॉर्डात तेलुगू कळणारी मी एकटी, लहानपण पद्मशाली शेजाऱ्यांत गेल्यामुळे. रेसिडेंट डॉक्टरांना दोनदा उठवलं, तर दुसऱ्यांदा म्हणले सिस्टर तुम्ही वकिली करायला आलाय की ड्युटी करायला. सकाळी बाळाला आयसीयूत हलवलं, वाचलं ते, पण मेमो मला मिळाला. त्यानंतर बरेच दिवस मी तोंड उघडलं नाही. माझा 'दृष्टिकोन' मात्र तेव्हाही पूर्ण सहमतच होता की.

आता मी नोकरी करते त्या इथे मँचेस्टरला मुलांच्या तपासणीच्या चार्टवरच आईवडिलांना काळजी वाटतेय का याचा रकाना आहे, 2023 पासून इंग्लंडभर तोच चार्ट आणलाय. 2021 मध्ये मार्था मिल्स नावाची 13 वर्षांची मुलगी गेली, आईबाप सांगत होते तरी ऐकलं गेलं नाही, मग 2024 पासून मार्थाज रूल आला, म्हणजे घरच्यांनी किंवा सिस्टरने फोन केला की दुसरी टीम येऊन पेशंट बघते. म्हणजे इथंही मूल गेल्यावरच जाग आली, उगाच गोऱ्यांचं कौतुक नको. आणि व्हिसा हॉस्पिटलच्या हातात असलेल्या आमच्या केरळच्या, फिलिपिन्सच्या पोरी मीटिंगमध्ये कशा गप्प बसतात ते मी रोज बघते.

तिकडे महाराष्ट्रात 2022 ला नर्सेसनी संप केला तो भरती कंत्राटी एजन्सीकडून नको म्हणून. टीव्हीवर पगाराचीच चर्चा जास्त. अहो, जिची नोकरी अकरा महिन्यांची ती रात्री दोनला डॉक्टरला उठवेल का, हे कुणी विचारलंच नाही.

भाचीला म्हणलं शेवटी एक प्रश्न घाल, याआधी कधी बोललात आणि मग तुमचं काय झालं. तिच्या गाईड म्हणाल्या स्टँडर्ड टूलमध्ये असलं घुसडता येत नाही. मग वेगळ्या कागदावर विचार म्हणलं, नाव न घेता, आणि मॅडमना बाहेर बसव.